जुन्या लुगड्यांची लाल परी: लहान मुलासाठी एसटीची गोधडी कशी शिवायची

माझ्या भाच्याला एसटीचं वेड आहे. पुण्याहून आटपाडीला यायचं म्हटलं की त्याला मोटार नको असते, स्वारगेटवरून लाल परीच हवी असते, आणि तीही खिडकीशी. त्याच्या पाचव्या वाढदिवसाला काय द्यावं या विचारात असताना आईनं ट्रंक उपसली. पणजोबांचं धोतर, आजीचं इरकल, मामाचा शाळेतला पांढरा सदरा असं बरंच निघालं. त्या ढिगाकडे बघता बघता डोक्यात आलं की हे सगळे एकाच बसमध्ये बसवता येतील. लाल अंगाची एसटी, तिला पाच खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत घरातल्या एकेका माणसाचं कापड.

ती गोधडी झाली, भाच्यानं वापरली, धुतली गेली, आणि पहिल्याच धुण्यात माझी मोठी चूक बाहेर आली (ती पुढे सांगते). त्यानंतर आणखी दोन शिवल्या. ज्यांनी हातात सुई धरली आहे ती फक्त बटण लावण्यापुरती, त्यांच्यासाठी हा लेख आहे. शिलाई मशीन लागत नाही. धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली नेत घातलेला साधा सरळ टाका, आला की पुरे, आणि तो दहा मिनिटांत येतो.

आमच्या माणदेशात गोधडीला वाकळ म्हणतात. तुमच्याकडे काही का म्हणत असतील, रीत एकच आहे: मजबूत कापड बाहेर, विरलेलं कापड पोटात आणि सगळ्यांना धरून ठेवणारा धावदोरा. आपण तीच रीत पाळायची आहे, फक्त वरच्या थरावर ठिगळांतून बस उभी करायची आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. ही गोधडी चार-पाच वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलासाठी आहे. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर झोपेत सैल पांघरूण घालू नये, ते तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. बारशाला द्यायची असेल तर खेळताना खाली अंथरायला म्हणून द्या, आणि तिच्यावर बटण, मणी, घुंगरू, लोंबती नाडी असलं काहीही लावू नका.

कापड कुठून आणि कसं मागायचं

घरात नसेल तर बाहेर भरपूर मिळतं. शिंप्याकडे कटपीस आणि चिंध्यांचं गाठोडं असतं, ओळखीच्या शिंप्याला सांगून ठेवा. बोहारीण दारावर येत असेल तर भांडी देणारी तीच तुम्हाला चांगलं सुती लुगडं विकेलही. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथं सकाळी लवकर जावं. बाजारातून आणलेलं कापड घरातल्या कपड्यांत मिसळू नका. पिशवीतून थेट उकळत्या पाण्याच्या बादलीत टाका, तासभर राहू द्या, मग धुऊन कडक उन्हात वाळवा. ढेकूण आणि त्यांची अंडी त्यानं मरतात.

ट्रंकेतल्या कापडाला डांबरगोळीचा वास असतो. तो एका धुण्यात जात नाही. चार-पाच दिवस वाऱ्यावर आणि उन्हात फिरवून ठेवा, नाकाला लावून बघा, आणि वास पूर्ण गेल्यावरच कात्री लावा.

घरातलं कापड मागताना घाई करू नका. गेलेल्या माणसाचं धोतर आपल्याला कापड वाटतं, आजीला तसं वाटत नसतं. मी आईला आधी चित्र काढून दाखवलं, पणजोबा कुठल्या खिडकीत बसणार ते सांगितलं, तेव्हा तिनं स्वतःच घडी काढून दिली. आणि म्हणाली, काठाकडून काप, मधलं विरलंय. काही घरांत गेलेल्याचं वस्त्र लहान मुलाच्या अंगावर घालत नाहीत. तसं असेल तर तो मान ठेवावा आणि ते कापड मागूच नये. जिवंत माणसांची कापडं काही कमी नसतात.

कापड फक्त सुती घ्या. नायलॉन आणि पॉलिस्टर सुईखाली सरकतं, अंगाला गरम होतं. जुनं रेशीम घडीवर तडकतं, जरीचे धागे मुलाच्या गालाला टोचतात. टी-शर्ट ताणला जातो, त्यामुळे ठिगळ वेडंवाकडं होतं. जीन्सच्या चार थरांतून हातानं सुई काढायला गेलात तर दुसऱ्या दिवशी बोट उचलणार नाही.

कापडात जीव आहे का हे बघायला ते दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून आडवं आणि उभं ताणा. बारीक टरटर आवाज आला किंवा सूत सरकून फट पडली तर ते पोटात जाईल, वर नाही. मग उजेडासमोर धरा, विरलेली जागा जाळीसारखी दिसते. नऊवारी काष्ट्याच्या भागात सर्वांत आधी विरते, सहावारी निऱ्यांच्या तळाशी आणि बसण्याच्या जागी. पदराकडचा आणि आत खोचला जाणारा भाग बहुधा चांगला असतो. सदऱ्याची पाठ उत्तम, कॉलरजवळचं कापड सोडून द्या.

लाल रंगाची परीक्षा

हा भाग टाळू नका. सगळी गोधडी इथं तरते किंवा बुडते.

पहिल्या गोधडीत बसचं अंग मी आईच्या जुन्या लाल परकराचं केलं. वर्षानुवर्षं धुतलेला परकर, आता कुठला रंग जाणार असं धरून चालले. पण तो परकर नेहमी इतर रंगीत कपड्यांत धुतला जायचा, त्यामुळे थोडा थोडा रंग जातोय हे कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं. गोधडी पहिल्यांदा धुतली आणि पणजोबांच्या धोतराची खिडकी गुलाबी झाली. ती परत पांढरी झाली नाही. मला आजही ती खिडकी बघवत नाही, कारण ते धोतर पुन्हा मिळणार नाही.

तेव्हापासून मी असं करते. लाल, काळं, गडद निळं असं प्रत्येक कापड वेगळ्या भांड्यात कोमट पाण्यात थोडा साबण घालून अर्धा तास भिजवते. पाणी रंगलं तर धुऊन पुन्हा भिजवते. पाणी स्वच्छ राहिलं तरी एवढ्यावर विश्वास ठेवत नाही. ओल्या लाल कापडावर ओला पांढरा सुती तुकडा ठेवून त्यावरून गरम इस्त्री दाबते. उष्णता आणि ओल एकत्र आली की सुटणारा रंग लगेच पांढऱ्यावर उतरतो. चार धुण्यांनंतरही तुकड्यावर डाग येत असेल तर ते कापड बाद.

मीठ घातलं की रंग पक्का होतो असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. व्हिनेगरचंही सांगतात. सुती कापडावर आधीच चढवलेला रंग यातल्या कशानंही पक्का होत नाही. जो सुटायचा तो सुटतोच. धुऊन जाऊ देणं किंवा कापड बदलणं, दोनच मार्ग. दुसऱ्या गोधडीला मी जुन्या लाल चादरीचं कापड घेतलं, ते एकदम स्वच्छ निघालं.

सगळी कापडं, पोटातलीसुद्धा, कापण्याआधी धुऊन घ्या. न धुतलेलं कापड नंतर आटतं आणि शेजारच्या ठिगळाला ओढतं.

मऊ पडलेलं जुनं कापड कापताना हातात गोळा होतं. त्याला तांदळाच्या पेजेची पातळ खळ द्या आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. कागदासारखं कडक होतं, रेघ सरळ येते, काठ मुडपला की मुडपलेला राहतो. खळ पुढच्या धुण्यात निघून जाते.

किती कापड, कुठला थर

तयार गोधडी ६० इंच लांब आणि ४२ इंच रुंद धरू. पाच वर्षांच्या मुलाला ती दहाव्या वर्षापर्यंत पुरते.

साडेपाच मीटरची साडी म्हणजे साधारण २१६ इंच. तिचे तीन समान भाग केले की प्रत्येकी ७२ इंच लांब, आणि पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंचांच्या आसपास. म्हणजे एकाच सुती साडीतून गोधडीची पाठ आणि पोटातले दोन थर निघतात. साडीचा सर्वांत चांगला, न विरलेला भाग पाठीला घ्या, उरलेले दोन पोटात. चौथा थर वरचा, त्यावर बस येईल. तो एखाद्या फिकट चादरीचा घ्या: आभाळी, फिकट पिवळा, कसाही, पण एकरंगी. छापील फुलांवर बस हरवते.

पाठ ६३ बाय ४५ इंच कापा. पोटातले दोन्ही थर आणि वरचा थर ६० बाय ४२. पाठ चारही बाजूंनी दीड इंच मोठी ठेवली आहे, ती शेवटी पुढे दुमडली की आपोआप किनार होते. साडीचा पन्हा लहान निघाला, तर वरचे तीन थर त्याच्यापेक्षा तीन इंच कमी ठेवा. पाठीच्या लांब बाजूंना साडीचे काठ येऊ द्या, ते काढू नका. का ते शेवटी कळेल.

याशिवाय लागेल: बसच्या अंगासाठी लाल कापड साधारण दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद, चाकांसाठी काळं, पाटीसाठी पांढरं, खिडक्यांसाठी तुमचे पाच तुकडे. सुई मध्यम जाडीची, लांब, डोळा मोठा असलेली. दाभण घेऊ नका, ते पोत्यांसाठी असतं, जुन्या कापडाला त्यानं भोकं पडतात. गोधडीचा जाड सुती दोरा १०० मीटर. अक्षरांसाठी भरतकामाचा सहापदरी दोरा, त्यातले तीन पदर वापरायचे. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी. मेणाचा छोटा तुकडा. आणि टाचण्या, त्या मात्र मोजून घ्या. माझ्याकडे ४० आहेत. रोज काम उरकताना ४० भरल्या पाहिजेत, नाही भरल्या तर सापडेपर्यंत गोधडी उचलायची नाही. हे मुलाच्या अंगावर जाणार आहे.

बस आखणं

वर्तमानपत्राचे कागद चिकटवून ६० बाय ४२चा एक मोठा कागद करा आणि त्यावर खऱ्या मापात बस काढा. चित्रकला येत नसली तरी चालतं, एसटी म्हणजे मुळात एक आयत.

वरून ७ इंच आभाळ सोडा. मग २४ इंच उंच आणि ५२ इंच लांब बस. दोन्ही बाजूंना ४ इंच मोकळे. बसच्या खाली ५ इंच चाकं, आणि तळाला ६ इंच रस्ता. रस्त्याला राखाडी कापड लावा किंवा नुसता धावदोरा चालवा.

आता दिशा. दार दाखवायचं असेल तर बसचं तोंड तुमच्या डाव्या हाताला हवं. आपल्याकडे दार बसच्या डाव्या अंगाला असतं, आणि त्या बाजूनं उभं राहिलं की पुढचा भाग आपल्या डावीकडे येतो. मी पहिल्या कागदावर उलटं काढलं होतं. एसटीवेड्या मुलाच्या नजरेतून हे सुटत नाही.

डावीकडून मापं अशी: पुढची काच ५ इंच, दीड इंच जागा, दार ७ इंच रुंद आणि १८ इंच उंच, पुन्हा दीड इंच जागा, मग पाच खिडक्या, प्रत्येक ६ इंच रुंद आणि ७ इंच उंच, मध्ये दीड-दीड इंच. शेवटी १ इंच उरतो. बेरीज ५२ येते. खिडक्या छपरापासून ३ इंच खाली. खिडक्यांखाली २ इंच सोडून पांढरी पाटी, २० इंच लांब आणि ४ इंच उंच. चाकं ९ इंच व्यासाची, म्हणजे घरातली मध्यम ताटली. चाकाचे वरचे ४ इंच बसवर येतात, खालचे ५ बाहेर राहतात. दाराची आणि पुढच्या चाकाची नेमकी जागा मुलाच्या नेहमीच्या बसकडे बघून ठरवा. सगळ्या एसट्या सारख्या नसतात, आणि त्याला त्याचीच हवी असते.

कोण कुठल्या खिडकीत हे याच कागदावर लिहा. इथं मी सर्वांत जास्त वेळ घालवते. पहिल्या खिडकीत, दाराजवळ, घरातलं सर्वांत वयस्क माणूस. त्यांना चढ-उतार सोपा, आणि ती जागा एसटीतही त्यांच्यासाठीच सोडतात. भांडणारी भावंडं शेजारी-शेजारी बसवली की मूल मोठं झाल्यावर त्याला ती गोष्ट सांगता येते. एक खिडकी मुलाची स्वतःची ठेवा, त्याच्या लहान झालेल्या झबल्याची किंवा सदऱ्याची. खिडकीत चेहरे काढू नका. इरकलीची चौकट दिसली की आजी दिसतेच, तिला डोळे-नाक काढलं की ती दुसरीच कुणी होते.

ठिगळं लावणं

चित्रातला प्रत्येक भाग कागदातून कापून कापडावर ठेवा आणि चारही बाजूंना अर्धा इंच जास्त कापा. सहा बाय सातची खिडकी म्हणजे सात बाय आठचा तुकडा. अर्धा इंच आत मुडपून इस्त्री फिरवा.

चाकाचा काठ गोल असल्यामुळे मुडपताना सुरकुत्या पडतात. त्यासाठी पुठ्ठ्याचं ९ इंची वर्तुळ कापा. काळं कापड त्याहून अर्धा इंच मोठं गोल कापून कडेनं बारीक धावदोरा घाला, मधोमध पुठ्ठा ठेवा आणि दोऱ्याची दोन्ही टोकं ओढा. कापड पिशवीसारखं पुठ्ठ्याला घट्ट बसतं. इस्त्री करा, गार होऊ द्या, दोरा सैल करून पुठ्ठा काढा. गोल काठ तसाच राहतो.

ठिगळं लावायचा क्रम महत्त्वाचा: आधी लाल अंग वरच्या थरावर, मग लालवर खिडक्या, काच, दार आणि पाटी, सर्वांत शेवटी चाकं. हे सगळं फक्त एकाच, वरच्या थरावर करायचं. पोट आणि पाठ अजून जोडलेली नाहीत. नवखी माणसं उत्साहात चारही थर एकत्र घेऊन ठिगळं लावायला बसतात, मग पाठीला गुंता होतो.

आधी टाचण्या, मग मोठे कच्चे टाके (नंतर काढून टाकायचे), मग पक्के. पक्का टाका असा: खालून सुई वर काढा, ठिगळाच्या मुडपलेल्या काठातून दोन सूत आत. काठाच्या अगदी लगत खालच्या कापडात सुई घाला आणि पाव इंच पुढे पुन्हा ठिगळातून वर काढा. दोरा ठिगळाच्याच रंगाचा घेतला तर टाके दिसत नाहीत. कोपऱ्यावर दोन टाके जास्तीचे घाला, ठिगळ नेहमी कोपऱ्यातून सुटतं.

दाराचं ठिगळ तीनच बाजूंनी शिवा आणि वरची बाजू उघडी ठेवा. खिसा होतो. त्यात मी कापडी तिकिटं ठेवते, दोन बाय तीन इंचांची, दोन्ही बाजू मुडपून शिवलेली. खिशाच्या तोंडाला दुहेरी टाके घाला, कारण त्यात हात सारखा जाणार आहे.

पाटीवर गावांची नावं. आमची पाटी "स्वारगेट – आटपाडी". पेन्सिलीनं अडीच इंच उंचीची अक्षरं काढा आणि साखळी टाक्यानं भरा, म्हणजे प्रत्येक टाक्याचा फास पुढच्या टाक्यानं अडकवत जा. शिरोरेषा सर्वांत शेवटी, एकाच दमात डावीकडून उजवीकडे. आधी घातली तर अक्षरं तिच्याखाली लोंबकळल्यासारखी दिसतात. पाटी लालवर लावण्याआधीच भरून घेतलेली बरी, हातात मावते.

नंबर घालायचा असेल तर मागच्या चाकाच्या वर छोटा घाला. एसटीच्या बस दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधल्या जात आल्या आहेत, आणि त्यानुसार एमएच १४, एमएच २०, एमएच ४० हे आकडे त्यांच्यावर दिसतात. तुमच्या भागात दिसतो तो घ्या, पुढचे चार आकडे मुलाच्या जन्मतारखेचे. दुसरी गोधडी मी एका निवृत्त कंडक्टर काकांच्या नातवासाठी शिवली. त्यांनी आपणहून सांगितलं की आकडे १९४८ घाला. त्या वर्षी १ जूनला पुणे ते नगर पहिली एसटी धावली होती. तसंच केलं.

प्रत्येक खिडकीखाली नाव हवंच: आजी, पणजोबा, मामा. उलट्या टिपेनं (प्रत्येक टाका एक पाऊल मागे घेऊन), अर्धा इंच उंच, पिवळ्या दोऱ्यानं. वीस वर्षांनी इरकल कुणाचं होतं हे सांगायला आपण असूच असं नाही.

थर मांडणं आणि धावदोरा

फरशी झाडून पुसून कोरडी करा. पाठ उलटी पसरा, म्हणजे चांगली बाजू फरशीकडे. चारी कोपरे ताणून फरशीला चिकटपट्टीनं चिकटवा, पण ओढून नाही, सुरकुती जाईल इतपतच. त्यावर मधोमध पोटातले दोन थर. पोटातल्या थराला भोक असेल तर त्यावर एखादा तुकडा नुसता ठेवा, शिवायची गरज नाही, धावदोरा त्याला धरेल. सर्वांत वर बसचा थर, चित्र आपल्याकडे.

हातानं मधून बाहेर सपाट करत या. मग मधोमध बसून चारही दिशांना, किरणांसारखे, कच्चे टाके घाला, आणि त्यानंतर दर चार इंचांवर आडव्या-उभ्या कच्च्या ओळी. याला दुपार जाते. जाऊ द्या. कच्चे टाके विरळ घातले तर पाठीला चुण्या येतात, आणि त्या शेवटी उलटून बघितल्यावरच कळतात.

पक्का धावदोरा काठाकडून आत जातो. काठापासून एक इंचावर सुरू करा, कोपऱ्यावर वळा, चारी बाजूंनी फिरून आत या, पुन्हा एक इंच आत. चौकोनात चौकोन. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकाही आपली कवंदी, म्हणजे गोधडीच, अशीच काठापासून मध्याकडे शिवत नेतात, आणि कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातून तिकडे गेले. एका कवंदीचं काम बघून मीही आता कोपऱ्यांना छोटे त्रिकोण लावते. कोपरा लवकर फाटत नाही.

बसपाशी आलात की ओळ बसच्या कडेनं वळवा. खिडक्यांच्या आत आडव्या ओळी घाला, गजांसारख्या दिसतात. चाकात गोल गोल फिरा.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मधली जागा तेवढीच. पहिल्या दिवशी तो गव्हाएवढा येईल, कधी हरभऱ्याएवढा. उसवू नका, चौथ्या दिवशी हात आपोआप बसतो. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो आणि पिंजतो. मेणावरून एकदा ओढून घ्या. एका वेळी तीन-चार टाके सुईवर चढवा आणि मग ओढा. सुई प्रत्येक वेळी पाठीपर्यंत जातेय ना, हे खालच्या हाताच्या बोटाला कळलं पाहिजे. हलकी टोचणी लागली की गेली. गाठ थरांच्या आत लपवा: सुई एक इंच लांबून वरच्या थरात घाला, हलका झटका द्या, गाठ आत शिरते.

एक इंच अंतराच्या ओळींनी ६० बाय ४२ची गोधडी भरायची म्हणजे साधारण ६४ मीटर धावदोरा होतो. मला रोज तास-दीड तास बसून दीड महिना लागला. वाढदिवसाच्या दोन महिने आधी सुरू करा. आणि जमलं तर कुणाला तरी समोर बसवा. वाकळ ही एकट्यानं शिवायची वस्तू नव्हेच. दुपारी दोघी-तिघी चार बाजूंना बसल्या की ओळी भराभर सरकतात, आणि टाक्यांवरून पुढे ओळखता येतं की हा आईचा, हा मावशीचा. माझ्या पहिल्या गोधडीत खालच्या उजव्या कोपऱ्यात आईचे टाके आहेत, माझ्यापेक्षा निम्मे बारीक.

किनार

आता पाठीचा जास्तीचा दीड इंच पुढे दुमडा. लांब बाजूंना साडीचा काठ आहे, तो पुढे आला की तयार किनार दिसते, आणि त्याची कड उसवत नाही म्हणून मुडपावीही लागत नाही. आखूड बाजूंना अर्धा इंच आत मुडपा, एक इंच किनार राहते. आधी कोपरा तिरपा दुमडा, मग बाजू आणा, म्हणजे तिथं गोळा होत नाही. ठिगळाच्याच टाक्यानं शिवा, फक्त टाके जवळ जवळ. गोधडी ओढली जाते ती काठानंच.

कच्चे टाके सगळे काढा. टाचण्या मोजा. मग एक लोहचुंबक घेऊन गोधडीच्या दोन्ही बाजूंवरून सावकाश, इंच इंच फिरवा. तुटलेलं सुईचं टोक डोळ्यांना दिसत नाही, चुंबकाला सापडतं. तिसऱ्या गोधडीत मला असं एक मिळालं, चाकाच्या आत.

देण्याआधी

स्वतः एकदा धुवा. थंड पाणी, सौम्य साबण, बरोबर एक पांढरा सुती रुमाल टाका. रुमाल पांढरा राहिला तर निश्चिंत. पिळू नका, ओली गोधडी जड होते आणि टाके ताणतात. दाबून पाणी काढा, दोन दोऱ्यांवर आडवी टाका, सावलीत वाळवा. हेच एका कागदावर लिहून गोधडीबरोबर द्या, कारण धुणारं माणूस दुसरं असणार आहे.

देताना मुलाला आधी खिडक्या दाखवा, मग तिकिटं द्या. भाच्यानं पहिल्या रात्री सगळ्यांची तिकिटं कापली आणि पणजोबांना अर्धं दिलं, म्हातारी माणसं अर्ध्या तिकिटात येतात म्हणून.

उरलेले तुकडे फेकू नका. पिशवीत घालून, त्यात सुई आणि थोडा दोरा ठेवून, ते मुलाच्या आईकडे द्या. लाल कापड हातभर तरी हवं. दाराच्या खिशाजवळचं कापड सर्वांत आधी फाटतं, आणि तोच लाल रंग नंतर कुठल्याच दुकानात मिळत नाही.